नखातलं बहात्तर साल

माझ्या आजीच्या डाव्या अंगठ्याचं नख मधोमध दुभंगलेलं होतं. दोन वेगळी नखं शेजारी शेजारी उगवल्यासारखं ते दिसे आणि मधल्या भेगेत पीठ भरे. भाकऱ्या उरकल्या की ती उंबऱ्यावर बसून बाभळीच्या काट्यानं ते पीठ कोरून काढायची. लहानपणी मला वाटायचं, ते नख जन्मापासूनच तसं असणार. कुणाच्या भिवया जुळलेल्या असतात, कुणाला सहावं बोट असतं, तसं आजीचं नख. मी कधी विचारलं नाही.

2004 साली आजी गेली. दहाव्याला नदीवर तिच्या बरोबरीच्या दोघी-तिघी एका दगडावर टेकून बोलत होत्या. त्यातली एक म्हणाली, "खडी फोडताना हातोडी बसली तिला. रगात थांबंना. पर चिंधी बांधली आन् तशीच फोडत बसली. उठली असती तर हजेरी गेली असती." दुसरी म्हणाली, "पोटात धाकला व्हता तवा." धाकला म्हणजे माझ्या वडिलांच्या पाठचा एक भाऊ. तो जगला नाही. असा एक काका मला होता, हेही मला त्या दगडापाशीच कळलं.

तेव्हा मी तेवीस वर्षांचा होतो. इतिहास घेऊन एम.ए. झालो होतो. शिवकाळाच्या आधी, 1630 साली पडलेल्या दुष्काळावर परीक्षेत चार पानं लिहून चांगले गुण मिळवले होते. घरातल्या दुष्काळावर मला चार ओळी लिहिता आल्या नसत्या. जिला विचारायचं होतं, तिची राख त्या दिवशी पाण्यात सोडली होती.

पुढे मी माण तालुक्यातल्या एका गावात माध्यमिक शाळेवर लागलो. आमचा सातारा जिल्हा विलक्षण आहे. पश्चिमेला महाबळेश्वर, जिथं पावसाळ्यात चार महिने सूर्य दिसत नाही. आणि पूर्वेला हा माण, जिथं ढग येतात, सावली देतात आणि पुढं निघून जातात. सगळं पाणी सह्याद्री स्वतःच्या अंगावर घेतो. शेजारच्या आटपाडी तालुक्यातल्या माडगुळ्याच्या व्यंकटेश माडगूळकरांनी 1955 साली 'बनगरवाडी' लिहिली, तिच्यातलं गावही शेवटी दुष्काळानंच रिकामं होतं. आमच्याकडं काळ मोजायचा तो दुष्काळांवरूनच. कुणाचं लग्न 'बहात्तरच्या आदल्या साली', म्हणजे 1972 च्या दुष्काळाआधी, झालेलं असतं, कुणाचा जन्म 'सुकडीच्या वक्ताचा' असतो.

नववीच्या वर्गाला मी पहिल्यांदा काम दिलं, तेव्हा फळ्यावर लिहिलं: 'आपल्या आजी-आजोबांना त्यांच्या जीवनातील अनुभव विचारा व लिहून आणा.' आठ दिवसांनी चौतीस वह्या आल्या. सगळ्या मिळून मजकूर भरला पाऊण पान. 'आजी म्हणाली, खूप हाल झाले.' 'आजोबा म्हणाले, तो काळ वेगळा होता.' 'आजी काही बोलली नाही.' मुलांनी टाळाटाळ केली असेल, असं मला वाटलं, आणि मी रागावलो. ती माझी चूक होती. एका मुलीची आजी शेळ्या घेऊन शाळेच्या कुंपणाकडून जाताना थांबली आणि मला म्हणाली, "गुरुजी, नात इचारती, जीवनातले अनुभव सांग. आता कुटनं धरू? शेपटाकडनं का शिंगाकडनं?"

त्या एका वाक्यानं मला शिकवलं. पुढच्या खेपेला मी अनुभव, आठवणी, जीवन हे शब्द फळ्यावर येऊच दिले नाहीत. आम्ही वर्गात बसून प्रश्न काढले. बहात्तर साली रात्री जेवायला काय असायचं? ते कुणी आणलं? घरातलं कुठलं भांडं मोडीत घातलं? कामावर जाताना तान्हं पोर कुठं ठेवलं? गावातून पहिलं कोण गेलं, आणि परत आलं का? त्या साली बेंदूर केला का?

आता वह्या भरू लागल्या. आणि पहिल्यांदा बाहेर आला तो मिलो. अमेरिकेतून आलेली ती तांबडी ज्वारी रेशनवर मिळायची. एका आजीनं सांगितलं, भाकरी थापताना कड तुटायची, तव्यावर टाकेपर्यंत दोन तुकडे व्हायचे, आणि वास असा की म्हातारा सासरा ताट सारून उठायचा. "मग रातच्याला अंधारात येऊन खायचा. आमी बगत न्हवतो असं दावायचो." हे ऐकणारी नात पंधरा वर्षांची. तिनं वहीत या वाक्याखाली रेघ मारली होती. मी कारण विचारलं तर म्हणाली, "सर, आजी हे सांगताना कुजबुजत होती. घरात आम्ही दोघीच होतो, तरी."

मला वाटतं, या गोष्टी आपल्याकडं खालच्या पिढीपर्यंत का उतरल्या नाहीत, त्याचं उत्तर त्या कुजबुजण्यात आहे. आपण म्हणतो, आजकालच्या पोरांना ऐकायला वेळ नाही, हातातला मोबाइल सुटत नाही. ते खरं असेल, पण अर्धंच. लढाईची गोष्ट माणूस छाती काढून सांगतो, भुकेची लपवतो. पाटील घराण्यातल्या सुनेनं डोक्यावर घमेलं घेतलं, रेशनच्या रांगेत धक्के खाल्ले, लेकरांसाठी सुकडी पदराच्या गाठीत लपवून आणली, हे तिनं पन्नास वर्षं कुणाला सांगितलं नाही. ती सुकडी, भाजलेल्या पिठाची गूळ घातलेली, दुष्काळी कामावरच खायला मिळायची. घरी न्यायची नाही असा नियम होता, असं जवळजवळ प्रत्येकीनं सांगितलं. आणि मी नेली, असंही प्रत्येकीनं सांगितलं.

मजुरीबद्दल मात्र एकमत होईना. कुणी दिवसाला दोन रुपये म्हणे, कुणी तीन, कुणी म्हणे मापावर होतं, हजेरीवर नव्हतंच. मुलं गोंधळली. खरं काय धरायचं? मी म्हणालो, सगळं लिहा आणि कोण कुठल्या कामावर होतं तेही लिहा. मग हळूहळू उलगडलं. रस्त्याच्या खडीचा हिशोब वेगळा, मातीकामाचा वेगळा, आणि मुकादमापरत्वे आणखी वेगळा. मातीकामावर खड्ड्याच्या मधोमध न खणलेला मातीचा एक खांब उभा ठेवायचे, किती खोल गेलं ते मोजायला. एका आजोबांनी सांगितलं की रात्री जाऊन त्या खांबावर दोन पाट्या माती थापायची, म्हणजे खड्डा तेवढाच जास्त खोल दिसे. हे सांगताना ते पंचाहत्तर वर्षांचे आजोबा नातवाकडं पाहून हसले, आणि नातू मला सांगत होता, "सर, आजोबा पहिल्यांदाच माझ्या वयाचे वाटले."

मागच्या बाकावर बसणाऱ्या एका मुलाची वही मात्र कोरीच राहिली. त्याचे आबा बोलतच नव्हते. भांडं, भाकरी, बेंदूर, काहीही विचारलं तरी "जाऊ दे" एवढंच. मुलगा जिद्दीचा. तो रोज संध्याकाळी त्यांच्या बाजेपाशी जाऊन बसू लागला. विचारायचं थांबवलं. एका संध्याकाळी बोलता बोलता त्यानं स्वतःचंच सांगितलं.

2019 साली म्हसवडजवळ चारा छावणी होती, तिथं तो गुरांसोबत राहिला होता. तेव्हा तो आठ वर्षांचा. घरात आबा आणि आई राहिले. बाप आणि हा छावणीत, हिरव्या जाळीच्या सावलीखाली, दोन गाई आणि एक कालवड घेऊन. शाळा बुडाली. दिवसा टँकरमागं पळायचं, उसाचे तुकडे करून द्यायचे, रात्री शेजारच्या दावणीतल्या पोरांबरोबर खेळायचं. मजाही होती, असं त्यानं सांगितलं. मग एका पहाटे कालवड मेलेली दिसली. बाप तिच्या पोटावर हात ठेवून बसून राहिला आणि रडला. "मी उठलो होतो, आबा. पण झोपल्याचं सोंग केलं. दादांना अजून माहीत नाही, मी बघितलं ते."

आबा काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी नातवाला हाक मारून देवळीतलं एक फडकं काढायला लावलं. त्यात चार पितळी शेंब्या होत्या. बैलाच्या शिंगांच्या टोकांना बसवतात त्या. लहानपणी हा मुलगा त्यांतूनच भातुकलीचं पाणी प्यायला होता आणि आबांनी त्याच्या पाठीत धपाटा घातला होता. का, ते त्याला कळलं नव्हतं.

खिल्लार जोडी होती. खरसुंडीच्या यात्रेत घेतलेली. बहात्तरला कडबा संपला, छपराचं गवत काढून घातलं, तेही संपलं. आबा तेव्हा अठरा वर्षांचे. बाप अंथरुणाला खिळलेला, म्हणून बैल बाजारात नेण्याचं काम यांच्याकडं आलं. दोन बाजार फिरले. भाव सोडाच, दावं हातात घ्यायला कुणी तयार नाही. तिसऱ्या खेपेला परतताना ओढ्यापाशी त्यांनी शेंब्या काढून घेतल्या, दावी काढून घेतली आणि बैल सोडून दिले. "म्हागनं येत व्हते. मी दगुड मारलं." एवढं सांगून आबा थांबले. बापाला त्यांनी सांगितलं, विकले. पैसे कुठं आहेत, ते बापानं विचारलं नाही.

हे वाचून मी ती वही घेऊन स्टाफरूममध्ये बराच वेळ बसलो होतो. अठराचा आबा आणि आठचा नातू. दोघांनीही आपापल्या बापाशी एकेक गोष्ट लपवली होती, आणि ती एकमेकांपाशी मोकळी झाली. मधली पिढी त्याच घरात वावरत होती. त्यानंतर मी नियमच केला: नुसतं विचारून यायचं नाही, आधी आपलं काहीतरी सांगायचं. म्हाताऱ्या माणसांना कुणी काही सांगत नाही, हे त्या निमित्तानं माझ्या लक्षात आलं. औषध घेतलं का, जेवलात का, उन्हात जाऊ नका, एवढंच त्यांच्या कानावर पडतं. एका आजीला नातीनं गणिताची धास्ती सांगितली, तर ती म्हणाली, "मला ईस रुपयांच्या वर मोजाय येत न्हवतं, म्हणून मुकादम मला फशिवत व्हता. तू शिक." त्या नातीनं गणितात किती गुण मिळवले ते इथं सांगण्याचं कारण नाही, पण तिनं आजीला शंभरच्या पुढचे आकडे शिकवले.

विचारणारा वेळेवर भेटावा लागतो. वरसईचे विष्णुभट गोडसे 1857 च्या धामधुमीत उत्तरेत सापडले, झाशी जळताना पाहून परत आले, आणि पुढं कित्येक वर्षं ते सगळं त्यांच्या तोंडीच राहिलं. चिंतामणराव वैद्यांनी त्यांना लिहून काढायला लावलं म्हणून 'माझा प्रवास' झालं, आणि 1907 साली ते छापून आलं तेव्हा गोडसे भटजी हयात नव्हते. आंबेडकरी चळवळीत उतरलेल्या बायकांना उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून गावोगावी जाऊन भेटल्या, म्हणून 1989 साली 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक उभं राहिलं. हेमा राईरकर आणि गी पॉतवँ यांनी जात्यावरच्या लाखभर ओव्या गोळा केल्या, त्या जातं थांबायच्या सुमाराला. यातलं काहीही आपसूक टिकलं नसतं.

मुलांना मी एक दिवस माझी पगाराची चिठ्ठी दाखवली. तिच्यात दर महिन्याला दोनशे रुपये, फेब्रुवारीत तीनशे, असा वर्षाला अडीच हजार रुपये व्यवसाय कर कापलेला असतो. नोकरी लागल्यापासून मी तो कापून घेत होतो आणि कशासाठी ते मला ठाऊक नव्हतं. त्याचा धागा थेट त्यांच्या आज्यांच्या घमेल्यापर्यंत जातो. 1970 पासून पाऊस हात आखडत होता, 1972 चा पावसाळा तर कोरडाच गेला. वसंतराव नाईक मुख्यमंत्री होते. दुष्काळी कामं निघाली आणि 1973 च्या मे महिन्यात राज्यभर जवळजवळ 50 लाख माणसं त्या कामांवर होती. मागेल त्याला काम, ही कल्पना विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांची. ते तासगाव तालुक्यातले, आमच्यासारख्याच कोरड्या पट्ट्यातले. 1965 च्या सुमाराला त्यांनी तिथं तिचा प्रयोग केला होता. दुष्काळ हटल्यावरही योजना चालू ठेवायची तर पैसा हवा, म्हणून 1975 साली शहरातल्या पगारदारांवर आणि धंदेवाल्यांवर हा कर बसला. 1977 साली रोजगार हमीचा कायदा झाला, 26 जानेवारी 1979 पासून तो लागू झाला. 2005 साली देशानं जो कायदा केला, त्याच्या पाठीशी हाच अनुभव होता. एका मुलानं हात वर करून विचारलं, "म्हणजे सर, हा कायदा आमच्या आजीनं केला?" मी हो म्हणालो. आजही हो म्हणेन.

उन्हाळ्याच्या सुट्टीआधी आम्ही सगळ्यांना घेऊन गावाच्या पाझर तलावावर गेलो. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत गाद्या टाकून सात आज्या आणि चार आजोबा. याच तलावात मुलं पोहायला शिकली आहेत. तो कुणी बांधला असं मी पूर्वी विचारलं होतं, तेव्हा उत्तर आलं होतं, "सरकारनं, जेसीबीनं." बांधाच्या पायथ्याशी ट्रॉली थांबली. शेळ्यांवाली आजी कुणाचा हात न धरता वर चढली. मध्यापासून चाळीसेक पावलं उत्तरेला गेली, खाली बसली आणि हातानं दगड थोपटून म्हणाली, "हितनं त्या बाभळीपतूर आमच्या टोळीचं." मुलांनी तेवढं अंतर टेप लावून मोजलं. मग तिनं पाण्याच्या मधोमध बोट दाखवलं. "तिथं चिंचंच्या सावलीला पोरं निजवायचो. मोठी पोरगी राखायला. चिंच बुडाली आता." राखायला बसणारी ती मोठी पोरगी म्हणजे तिच्याशेजारी उभी असलेली, साठी गाठलेली तिची लेक. तिला चिंच आठवत होती. बांध बांधला जात होता हे आठवत नव्हतं.

परतताना विहिरींचा विषय निघाला. आजोबांनी सांगितलं, बहात्तरला गावची विहीर आठ परस होती आणि तिच्या तळाला पाणी होतं. परस म्हणजे माणसाच्या उंचीचं माप. मुलांनी गावातल्या विंधन विहिरींची खोली सांगितली: पाचशे फूट, सातशे फूट, त्यातल्या निम्म्या कोरड्या. म्हातारी माणसं गप्प झाली. मग एकजण म्हणाले, "तवा पानी व्हतं, दाणा न्हवता. आता दाणा हाय, पानी न्हाय. तुमचं कठीन हाय, पोरांनो." माणदेशात हे वाक्य मी अनेकांच्या तोंडून ऐकलं आहे. त्या ट्रॉलीत, ज्यांचं कठीण आहे त्यांच्यादेखत ते बोललं गेलं, तेव्हा त्याचं वजन कळलं. पावसाळ्याच्या तोंडावर त्याच मुलांनी तलावातला गाळ काढायचा ठराव ग्रामसभेत मांडला आणि तो झाला.

त्या उन्हाळ्यात कोइम्बतूरहून एक मुलगी आजोळी आली होती. आमच्या खानापूर-आटपाडी-माण पट्ट्यातली कितीतरी घरं सोन्या-चांदीच्या गलाईच्या धंद्यात देशभर पांगलेली आहेत, त्यातलंच तिचं एक. मराठी तोडकंमोडकं, मधे मधे तमिळ शब्द. तिनं आजोबांना विचारलं, आपण एवढ्या लांब का गेलो? आजोबांनी तिला ओढ्यापलीकडचं एक कोरडं शेत दाखवलं. एवढंच उत्तर. पण ते तिनं तिच्या वहीत, तमिळ अक्षरांत, मराठी शब्द जसेच्या तसे लिहून घेतले.

आमच्या त्या वह्यांत एकतीस माणसांचं सांगणं आहे. त्यातले सहाजण आता नाहीत. आबाही गेल्या माघात गेले. चारी शेंब्या नातवापाशी आहेत. बहात्तर साली अठरा वर्षांचा असलेला माणूस आज सत्तरी ओलांडून गेला आहे.

तुम्ही मुंबईत असाल, पुण्यात असाल, गलाईच्या दुकानात कोचीला किंवा दिल्लीला असाल, यंदा दिवाळीत गावी आलात की मुलांना घेऊन म्हाताऱ्या माणसांजवळ बसा. अनुभव सांगा, असं म्हणू नका. त्यांच्या हाताकडं बघा, घरातली एखादी जुनी वस्तू हातात घ्या आणि ही कुठली, एवढंच विचारा. त्याआधी तुमच्या पोराला त्याचं काहीतरी सांगू द्या. माझ्या आजीचं नख मी वीस वर्षं रोज पाहत होतो. तुम्ही विचारा.